मार्च एंडिंग आणि चैत्र

सोमवार, १७ मार्च २०२५, ठाणे

धाकट्याची दहावी आज संपली. शेवटचा पेपर भूगोलाचा. संध्याकाळी मी घरी आले तर साहेब गॅलरीत फरशीवर उघडे पडलेले, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि अंगात अजून पेपर शिल्लक. भारत आणि ब्राझील यांचाच अभ्यास वर्षभर केल्यामुळे सगळी तुलना ब्राझीलशी. "आई, आपला उन्हाळा आत्ता सुरू होतोय आणि तिकडे दक्षिणेकडे त्यांचा संपत आलाय," म्हणाला. पाठ केलेलं नव्हतं, घामाने भिजून बोललेलं होतं. मला फार बरं वाटलं.

आज गाडीत पुन्हा तेच वाक्य कानावर आलं, "आपल्याकडे कुठला वसंत, थंडी गेली की थेट उन्हाळा." दर मार्चात कुणीतरी म्हणतंच. मला ते पटत नाही. कौपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूने स्टेशनकडे जाताना पिंपळाकडे बघावं. गेल्या आठवड्यात पानं गळत होती, आज तांबूस कोवळी पालवी आलीय, इतकी पातळ की ऊन तिच्यातून आरपार दिसतं. एका फांदीवर जुनी पानं आणि शेजारच्या फांदीवर नवी. येऊरला ह्यांनी रविवारी काढलेले फोटो बघितले. पळस, पांगारा, काटेसावर, तिन्ही झाडांवर पान नाही आणि फुलं मात्र लालभडक. सावरीच्या फुलांवर मैना, बुलबुल, कावळे सगळ्यांची झुंबड. पाणी आटत चाललेल्या दिवसांत झाड पानं टाकून देतं, पानांवाटे जाणारं पाणी वाचवतं, आणि मधे पानांचा अडसर नसताना फुलं पाखरांना लांबूनही दिसतात. आपला वसंत असा आहे, पानगळ आणि फुलोरा एकाच महिन्यात. चित्रातल्या हिरव्या वसंताशी ताडून पाहिला तर तो सापडणारच नाही.

ऊन आहे, ते कोण नाकारतंय. सकाळी पूर्वेकडून कोरडा वारा येतो, आणि समुद्रावरचा खारा वारा जेवढा उशिरा सुटेल तेवढा पारा वर. त्यात आमच्या आणि समुद्राच्या मधे येऊरचा डोंगर आडवा. दुपारी दीड-दोनपर्यंत वारं फिरलं नाही, की त्या दिवशी रात्री भिंतीसुद्धा गरम लागतात.

शनिवार, २२ मार्च

मार्च एंडिंग. आज शनिवार असून रात्री साडेआठला तुर्भ्याहून गाडी पकडली. वाशीच्या फळबाजारातल्या गाळ्यावर हिशेब बघायचे म्हणजे मार्चात दोन कामं एकदम अंगावर येतात, वर्षाचे ताळेबंद आणि हापूसचा मोसम. बाकीच्या ऑफिसांत निदान एकाच गोष्टीची घाई असते.

पण आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. सकाळी गाळ्यावर एका बाजूला नागपुरी संत्र्यांची कॅरेट उतरली होती आणि दुसऱ्या बाजूला दापोलीकडच्या पेट्या. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्याची, संत्री फेब्रुवारी-मार्चात येतात, आता ती सरत आली. आंबा सुरू होतोय. वर्षातले हे थोडेच आठवडे माझं माहेर आणि माझं सासर एकाच धक्क्यावर भेटतं. माहेर काटोलकडचं, संत्र्याचं. सासर दापोलीचं, आंब्याचं. लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हा ह्या बाजारात नोकरी करीन असं मनातही नव्हतं. आता मार्चात इथे येणं मला मनापासून आवडतं, कामाचा ढीग असला तरी.

एक पेटी माझ्यासमोर उघडली. पेंढा बाजूला केला आणि पहिला थर दिसला. देठासकट तोडलेली फळं, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढलेली. एका फळाच्या देठाशी चीक वाळून बारीक काळा ओघळ झाला होता, बाकी साल स्वच्छ. रंग अजून हिरवा, खांद्याशी किंचित पिवळट. हमालाने एक फळ उचललं, हुंगलं, परत ठेवलं. काही बोलला नाही. तेवढ्याने मला कळलं की माल बरा आहे.

मग पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला जाणारे विक्रीच्या हिशेबाचे कागद. शेतकऱ्याच्या नावापुढे गाडी, नग, दर, मग वजा भाडं, वजा हमाली, वजा तोलाई, आणि खाली त्याच्या हातात पडणारी रक्कम. २०१६पासून फळं-भाज्यांची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात नाही, ती खरेदीदार देतो. ह्या एका ओळीचं मोल काय ते मला माहीत आहे, कारण त्याआधीच्या पट्ट्या मी वडिलांच्या कपाटात पाहिल्यात. वडील त्या घडी घालून, वर्षवार दोऱ्याने बांधून ठेवत. म्हणून पट्टी करताना मी आकडा दोनदा तपासते. तिकडे कुणीतरी ती दिव्याखाली धरून वाचणार असतं.

सासूबाईंचा फोन दुपारी. "काय गो, जेवलीस का?" हे आधी आणि मग आंबा. गेल्या साली पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळला, जमिनीतली ओल लवकर हटली नाही, मोहोर उशिरा आला. आता फळं झाडावर सुपारीएवढी, काही अंड्याएवढी, आणि त्याच फांद्यांना पुन्हा नवा मोहोर. पुन्हा मोहोर आला की झाडाचं सगळं बळ तिकडे जातं आणि आधीची फळं गळतात. त्यांनी दुसऱ्या कशाबद्दल तक्रार केली नाही, फक्त म्हणाल्या, "सकाळी झाडाखाली गेलं की पायाखाली कैऱ्याच कैऱ्या." ठाण्याला या म्हटलं, तर वानरांवर लक्ष कोण ठेवणार? डबा वाजवत अंगणात बसतात. त्यांचं वय पाहता मला त्याची काळजी वाटते, आणि त्यांना त्या अंगणातून हलवू नये असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी.

शिमग्याची पालखी घरी येऊन गेली म्हणाल्या. ह्यांना यंदाही रजा मिळाली नाही. रबाळ्याच्या कारखान्यात मार्चात देखभालीचं काम निघतं, शिफ्टवर शिफ्ट. पालखी नाचवायला आपल्या घरातलं कुणी नव्हतं ह्याचं ह्यांना वाईट वाटलं, ते जेवताना गप्प होते त्यावरून कळलं.

बुधवार, २६ मार्च

दादाचा फोन गाडीत असताना. ऐरोलीच्या आसपास आवाज तुटत होता. "काय करून राह्यली वं? ऊन कसं हाय तिकडे?" मी म्हटलं, आज छत्तीसच्या आसपास असेल. तो हसला. "छत्तीसला तुम्ही ऊन म्हनता?"

मग मी त्याला समजावलं, आणि हे सगळ्यांनीच समजून घ्यायला हवं. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना सगळीकडे एकच आकडा लावत नाही. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीला ३७, डोंगराळ भागात ३०, आणि त्यावर नेहमीपेक्षा किती जास्त आहे तेही बघतात. काटोलला ३८ अंश म्हणजे शेतावर जायचा दिवस. ठाण्यात तेवढ्याच आकड्याला दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होणार कसं? दादाने ऐकून घेतलं. "मंग तू सांभाळून ऱ्हाय," म्हणाला. दादा असाच आहे. आधी थट्टा, मग काळजी.

त्याची स्वतःची काळजी वेगळी. मृगाची संत्री अजून थोडी झाडावर आहेत आणि आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरच्या फुलोऱ्याची, बारकी फळं धरलीयेत. ऊन त्याला चालतं. ढग आले की मात्र त्याची झोप उडते. मार्च-एप्रिलातली गारपीट दहा मिनिटांत दोन्ही बहार खाली आणते.

मोहाची फुलं पडायला लागली म्हणाला. पहाटे बायका टोपल्या घेऊन रानात जातात. लहानपणी आम्हीही वेचायला जायचो, झाडाखाली वाकून वाकून. ओंजळीत तो गोड, जडसा वास दिवसभर राहायचा. ठाण्यात आल्यापासून तो वास कुठेच आला नाही. ह्या एका गोष्टीची इथे मला खरोखर उणीव वाटते.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

शके १९४७, विश्वावसु संवत्सर. पहाटे उठून गुढी उभारली. कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, चिमूटभर मीठ वाटून सगळ्यांच्या हातावर ठेवलं. धाकट्याने तोंड न वाकडं करता खाल्लं, मोठा झाला. स्वागतयात्रा बघायला तलावपाळीला गेलो. ढोल, लेझीम, नऊवारीतल्या मुली बुलेटवर, आणि आठ वाजताच डोक्यावर तापलेलं ऊन. गर्दीत एका दारातून कुणी परक्या काकूंनी आम्हाला कैरीचं पन्हं दिलं. नाव विचारायचं राहिलं. वेलदोडा अगदी बेताचा होता.

दुपारी थोरलीचा फोन, जर्मनीहून, श्टुटगार्टहून. नेमकं आजच तिकडे घड्याळ पुढे गेलं. मार्चातल्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजले की तीनच होतात. कालपर्यंत तिच्यात आणि आमच्यात साडेचार तासांचं अंतर होतं, आजपासून साडेतीन. ती संध्याकाळी सहाला प्रयोगशाळेतून निघते आणि चालता चालता फोन करते. हिवाळाभर तेव्हा आमचे साडेदहा वाजलेले असायचे. ह्यांची पहाटेची शिफ्ट असली की त्यांना लेकीचा आवाज न ऐकताच झोपावं लागायचं. आता ती साडेनऊला भेटेल, ऑक्टोबर अखेरपर्यंत. ह्यांना सांगितलं तर चेहरा इतका खुलला की पाडव्याची सगळ्यांत मोठी बातमी तीच ठरली.

तिनेही गुढी उभारली. खिडकीत लाकडी दांडा, त्यावर माझी जुनी पैठणी काठाची साडी घडी करून, वर स्टीलचा पेला. कडुनिंब मिळाला नाही. मग खालच्या बागेतली एक फांदी आणून लावली, पिवळ्या फुलांची. फोटो मोठा करून बघितला. फांदीला पान एकही नाही, आणि बुंध्यापासून टोकापर्यंत फुलं. फोर्सिथिया म्हणतात त्याला, म्हणाली. तिथे पानं यायच्या आधी ही झुडपं फुलतात. इथे पळस उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळून फुलतो, तिथे हे थंडीत निष्पर्ण राहिलेलं झुडूप पहिल्या उबेबरोबर फुलतं. कारणं अगदी वेगळी, पण फुलं पानांच्या आधी, इथेही आणि तिथेही. मी तिला ह्यांचा येऊरचा पळसाचा फोटो पाठवला. बराच वेळ दोघी फोनवर नुसत्या दोन फोटो बघत होतो.

तिकडच्या एप्रिलबद्दल घरमालकीणबाईंनी तिला बजावून ठेवलंय, एप्रिल त्याला वाटेल ते करतो. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी क्वचित बर्फही. कोट इतक्यात ठेवून देऊ नकोस, असं त्यांनी सांगितलंय. मला त्या बाईंचं फार बरं वाटतं. परक्या गावात कुणीतरी आपल्या मुलीला कोटाची आठवण करतं. बर्चच्या झाडांच्या परागांमुळे तिला शिंका येतात. हळद-दूध घे म्हटलं, डॉक्टरांनाही दाखव म्हटलं. दोन्ही करते म्हणाली.

श्रीखंड तिच्या वाटणीचं कुणी खाल्लं ते लिहीत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

काल ईद असूनही बँकांची सरकारी कामं चालू होती, वर्षअखेर म्हणून. रात्री उशिरा खाती मिटली. गाळ्यावर शिरखुर्मा आला होता, शेजारच्या गाळ्याच्या मालकांकडून, दरवर्षी येतो तसा. उभ्या उभ्या वाटीभर खाल्ला आणि पुन्हा हिशेबाला बसले.

आज सकाळपासून आभाळ भरलेलं. राज्यात अवकाळीचा अंदाज आहे. ठाण्यात त्यामुळे ऊन जरा मवाळ झालं आणि गाडीतल्या बायका खूश होत्या, मोकळं वाटतंय म्हणून. मला मोकळं वाटेना. ढग इथे सावली देतात, दापोलीला ढगाळ हवेत उरल्यासुरल्या मोहोरावर तुडतुडा, ती मोहोरावरची कीड, वाढतो, आणि काटोलला दादा आकाशाकडे बघत बांधावर उभा असणार. एकाच आभाळाकडे तीन घरं तीन डोळ्यांनी बघतात, आणि मी तिन्ही घरांची.

अकरा वाजता न राहवून दादाला फोन लावला. वारं सुटलं होतं तिकडे, थोडे थेंब पडले, गार नाही. राहिलेली संत्री दोन दिवसांत तोडून घेतो म्हणाला, मजूर सांगून ठेवलेत. माल वाशीलाच पाठवणार आहे. मी त्याला दर सांगितला, आजचा, खरा, कमी तर कमी. भाडं किती पडेल ते आत्ताच विचारून घे, तोडल्यावर घासाघीस करता येत नाही, हेही सांगितलं. सासूबाईंना बुरशी-तुडतुड्याच्या फवारणीचं कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक ह्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलंय. शेजारचा मुलगा वाचून दाखवेल.

शुक्रवारी दादाची गाडी लागेल. पट्टी मीच करणार.