चांगला तास गोधडीला

गरोदरपणातला त्रास म्हणजे उलट्या, असं मी धरून चालले होते. त्या मला फारशा झाल्याच नाहीत. मला झाला तो थकवा. नागपुरातल्या बर्डीचं ऑफिस आटोपून मेट्रोनं सुभाषनगरला उतरले, की पाय गोळ्यासारखे जड. घरी आल्यावर पर्स सोफ्यावर टाकायची आणि तिच्या बाजूलाच बसून राहायचं. जेवताना डोळ्यांवर झापड यायची.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. सुरुवातीच्या महिन्यांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि त्यानं गळून गेल्यासारखं होतं. शिवाय अंगातलं रक्त हळूहळू 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. त्यात पातळ भाग जास्त वाढतो, तांबड्या पेशी त्या मानानं कमी, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. गरोदर बाईचं ते 11 च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात. माझं 10.2 होतं. लोहाची गोळी सुरू झाली, ती चहासोबत किंवा दुधासोबत घ्यायची नाही ही ताकीद मिळाली. संत्र्यांचे दिवस होते, त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर गोळी आणि एक संत्रं, असं ठरून गेलं. आंबट फळातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागायला मदत होते. ज्या बायका "थकवा येणारच" म्हणून रक्ततपासणी लांबवतात, त्यांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं की आधी तेवढं करून घ्या.

पण गोळीनं लगेच काही उभारी येत नाही. दिवस तर काढायचा होता. तेव्हा मी आठवडाभर फक्त लक्ष ठेवलं, की मला बरं कधी वाटतं. उत्तर सोपं निघालं. सकाळी उठून चहा-टोस्ट पोटात गेल्यावर साधारण तासभर मी अगदी पहिल्यासारखी असायची. तो तास आजवर पोळ्यांत आणि डब्यांत जायचा.

मला गोधडी शिवायचा नाद आहे. आजीची मऊ झालेली सुती लुगडी आईनं मला दिली होती, त्यांचे थर लावून धावदोरा घालायला मी दिवाळीनंतर घेतलं होतं. रोज ठरवायचं, सगळं आवरून रात्री बसू. रात्री सुईत दोरा ओवायचं त्राण नसायचं. मग मी घरात सांगून टाकलं की सकाळचा तो तास गोधडीचा, पोळ्या त्यानंतर. नवऱ्यानं कणीक रात्रीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचं कबूल केलं. भाजी आदल्या संध्याकाळी मी टेबलाशी खुर्चीवर बसून चिरायची. सासूबाईंना आधी ते विचित्र वाटलं. "सकाळच्या पाह्यरी सुई-दोरा?" म्हणाल्या. पण त्यांनीच चार दिवसांनी खिडकीपाशी उजेडात माझी खुर्ची सरकवून दिली, पाठीला उशी लावली आणि पायाखाली पाटही ठेवला.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कामं आवरल्यावर उरलेल्या ताकदीत छंद करायचा म्हटलं, तर गरोदरपणात ताकद उरतच नाही. आणि मग सगळा दिवस नुसता निभावण्यात जातो, आपलं म्हणून काही होत नाही. एक ओळ टाके पडले की पुढच्या पोळ्यांचाही मला कंटाळा येत नसे.

बाकी कामांचे मी तुकडे पाडले. कपडे धुवायचे एका दिवशी, घड्या दुसऱ्या दिवशी, पलंगावर बसून. ओटा रात्री, फरशी सकाळी मावशी पुसायच्या. दमल्यावर बसायचं, ही जुनी सवय सोडली. दमायच्या आधीच बसायचं. अर्धा तास उभं काम झालं की मोबाइलवर घंटी वाजायची आणि मी डाव्या कुशीवर आडवी व्हायची. पहिल्या पहिल्यांदा भांडे अर्धे टाकून जाताना जीव वरखाली व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, "जा ना वं, पळून नाही जात ते भांडे."

चौथ्या महिन्यानंतर बरंच हलकं वाटायला लागलं. त्या महिन्यांत गोकुळपेठ बाजारातही जाऊन आले. मार्चमध्ये गच्चीवर कुरडया झाल्या. चीक घाटणं आणि सोऱ्या दाबणं जोराचं काम, त्याला मी हातच लावला नाही. सावलीत खुर्ची टाकून वाळलेल्या कुरडया डब्यात भरायचं काम घेतलं.

मेमध्ये सगळं परत बदललं. नागपूरचा मे, पारा 45 च्या आसपास आणि पोटात आठवा महिना. कूलरमध्ये पाण्याच्या बादल्या ओतणं बंद, नवऱ्यानं नळी जोडली. सकाळी दहानंतर गॅसपाशी जायचं नाही, असा घरचा नियमच झाला. वरण-भात-भाजी आधीच, दुपारी ताक आणि कांदा-काकडीची कोशिंबीर. बाळंतपणाच्या रजेचाही हिशेब याच धोरणानं केला. 26 आठवड्यांपैकी बाळंतपणाआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात. बाळासोबत रजा जास्त मिळावी म्हणून बऱ्याच जणी शेवटपर्यंत ऑफिसला जातात. मी मेच्या मध्यापासूनच घेतली, आणि मला ते योग्यच वाटतं.

तेव्हा सकाळचा तास अर्ध्या तासावर आला, कारण बसून पाठ भरून यायची. शेवटी गोधडीच्या दोन कडा राहिल्या. त्या सासूबाईंनी घातल्या. त्यांचा टाका माझ्यापेक्षा लांब आहे, पण पक्का आहे, दोन धुण्यांत कुठे उसवला नाही.