भिंतीला काही झालं नाही, मामांना लागलं

मी पुण्यात इंटिरियरची कामं घेते, छोटी टीम आहे माझी, सुतार, पीओपीवाला, इलेक्ट्रिशियन, पेंटर, सगळे बरीच वर्षं तेच. किचन, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग ही आमची रोजची कामं. दोन-तीन होम थिएटर केली होती, त्याच ओळखीतून बावधनच्या एका बंगल्यातून फोन आला की खाली तळघरात गोल्फ सिम्युलेटर बसवायचाय, रूम तयार करून द्याल का. काका नुकतेच रिटायर झालेले, आयुष्यभर रविवारी पहाटे उठून येरवड्याच्या कोर्सवर जाणारे, आता गुडघ्यामुळे अठरा होल, म्हणजे गोल्फचं पूर्ण मैदान, चालणं होत नाही आणि बावधन ते येरवडा ट्रॅफिक तर सगळ्यांना माहितीच आहे. म्हणून घरातच खेळायचं.

ज्यांनी हा प्रकार बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समोर जाड कापडाचा पडदा असतो, त्याच्यावर प्रोजेक्टरने गोल्फचं मैदान दिसतं, तुम्ही मॅटवर उभं राहून खराखुरा बॉल खऱ्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, मारायचा, एक मशीन बॉलचा वेग, कोन, फिरकी मोजतं आणि पडद्यावर तो बॉल पुढे उडत गेलेला दिसतो. बॉल प्लास्टिकचा नाही, स्पंजचा नाही, मैदानावरचाच. हे मला तेव्हा नीट कळलंच नव्हतं असं आता वाटतं, कळलं असतं तर पुढचं घडलंच नसतं.

रूम चांगली होती. बावीस फूट लांब, तेरा फूट रुंद, स्लॅबची उंची दहा फूट. मशीन आणि पडदा एका व्हेंडरकडून आला होता, त्यांच्या माणसाला मी विचारलं होतं की बाजूच्या भिंतींचं काय करायचं, तर तो म्हणाला मॅडम बॉल तर समोर जातो, पडदा पुरेसा आहे, बाजूला तुम्ही काहीही डिझाइन करा. आणि काकांना उजव्या भिंतीवर दगडी क्लॅडिंग हवं होतं, त्या खडबडीत पट्ट्यांचं, वरून वॉर्म लाइट सोडलेला. दिसायला फार सुंदर झालं होतं ते. मी पॅनलचा विषय एकदा काढला, फोमचे पॅनल लावू का म्हणून, काका म्हणाले अगं ते काळे काळे पॅनल म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओ वाटतो, आणि दगडाला काय होणारे. मलाही पटलं, दगडाला खरंच काय होणार. मी विषय सोडून दिला.

हँडओव्हरच्या आदल्या दिवशी डेमो ठेवला होता. व्हेंडरचा माणूस, काका-काकू, त्यांचा मुलगा आणि मुलाचा एक मित्र. आमचे सुतार मामा मागच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसून स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची, शेवटची पट्टी मारत होते, अर्ध्या तासाचं काम राहिलं होतं. मी त्यांना बाहेर थांबा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण बॉल तर समोर जातो ना.

काकांनी आठ-दहा शॉट मारले, सगळे सरळ. सगळे टाळ्या वाजवतायत. मग मुलाच्या मित्राने क्लब घेतला, सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या अंतरासाठीचा धातूच्या पात्याचा क्लब, आधी कधीतरी रेंजवर, सरावाच्या मैदानावर, मारलेलं म्हणाला. पहिला शॉट ठीक. दुसऱ्या शॉटला टक्क असा वेगळाच आवाज आला, लगेच दगडावर फट्ट, आणि मागून मामांचा "आई गं". हे सगळं एकाच क्षणात झालं, मान वळवायला सुद्धा वेळ मिळाला नाही. मामा मांडी धरून आडवे झाले होते आणि बॉल जिन्याच्या पहिल्या पायरीवर टप टप करत थांबत होता.

या शॉटला शँक म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. क्लबच्या दांड्याचा शेवट जिथे पात्यात घुसतो त्या गोल भागाला बॉल लागला की तो समोर जायच्या ऐवजी उजवीकडे सुटतो, कधी कधी जवळजवळ काटकोनात. डावखुऱ्याचा डावीकडे. नवख्यांचा जास्त जातो पण काका म्हणाले की तीस वर्षं खेळणाऱ्याचाही महिन्यातून एखादा जातोच. म्हणजे ही काही अपवादाची गोष्ट नाही, होणारच असं धरूनच रूम बांधायला पाहिजे.

मामांना आम्ही लगेच डॉक्टरकडे नेलं, एक्सरे काढला, हाड शाबूत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी लेंगा वर करून दाखवलं, मांडीवर लिंबाएवढा गोल, मधे फिकट आणि कडेने जांभळी-काळी रिंग, अगदी कंपासने काढल्यासारखी. सुताराचं काम उकिडवं बसून असतं, त्यांना आठ दिवस खाली बसता येईना. मामी काही बोलल्या नाहीत, चहा दिला, पण मला तो चहा संपवता येईना. चार इंच वर किंवा ते वाकलेले असताना डोक्याला लागला असता तर, हे एकच डोक्यात फिरत होतं. आठ दिवसांची मजुरी आणि औषधपाणी मी दिलंच, तो प्रश्नच नव्हता, पण पैशाने ती गोष्ट मिटत नाही.

त्या रात्री बसून मी हिशोब केला. गोल्फचा बॉल नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे हातात घेतला तर काहीच नाही. क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, तिप्पटीपेक्षा जड. पण साधा हौशी माणूस ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, मारतो तेव्हा गोल्फचा बॉल ताशी दोनशे किलोमीटरच्या वर निघतो. सव्वादोनशेच्या आसपास धरलं तर त्याच्यात जेवढी ताकद असते तेवढी ताशी सव्वाशेच्या आसपास टाकलेल्या लेदर बॉलमध्ये असते. आणि ती सगळी ताकद जेमतेम पावणेदोन इंच व्यासाच्या गोळ्यात. आपण बंद खोलीत, हेल्मेट नाही पॅड नाही, मागे सोफ्यावर घरची माणसं बसलीत आणि असा बॉल दगडावर मारतोय, हे असं मांडलं की अंगावर काटा येतो.

माझी चूक कुठे झाली तर मी भिंतीचा विचार करत होते. जिप्समची भिंत असती तर मी आधीच पॅनल लावले असते, कारण जिप्सम बोर्डला बॉल लागला की भोकच पडतं हे कोणालाही कळतं. पण जिप्सम फुटतो तेव्हा बॉलची ताकद तिथेच खाऊन टाकतो. दगड, वीट, काँक्रीट फुटत नाही, म्हणून ते ती ताकद परत करतात. त्यात क्लॅडिंगच्या पट्ट्या खालीवर, प्रत्येकीचा कोपरा वेगळ्या दिशेला, सपाट भिंतीवरून बॉल निदान पुढे पडद्याकडे गेला असता, या दगडावरून तो कुठेही जाऊ शकतो. मामा बॉलच्या मागे, कोपऱ्यात बसले होते, आणि त्यांनाच लागलं.

दोन दिवसांनी मी काकांकडे गेले आणि सरळ सांगितलं, काका, पॅनल लावल्याशिवाय मी ही रूम हँडओव्हर करणार नाही, तुम्ही बिल अडवलं तरी चालेल. काका गप्प होते. काकूच म्हणाल्या, "अगं लाव तू, नातवंडं खाली येतात, ह्यांचं काय ऐकतेस." तिथेच ठरलं.

मग मटेरियल. बाजारात फिरले तर ज्याला त्याला मी पॅनल म्हटलं की ते नऊ मिलीमीटरचे पॉलिएस्टरचे अकॉस्टिक बोर्ड दाखवायचे, जे ऑफिसच्या मीटिंग रूमला लावतात. आवाजाला ते बरे, पण बॉलला नाही. तीन नमुने घेतले, घरी जमिनीवर ठेवले आणि शिडीवर चढून दहा फुटांवरून बॉल सोडला. नुसत्या फरशीवर तो माझ्या डोक्याच्या वर उसळला. नऊ मिलीच्या बोर्डवर कंबरेपर्यंत. एक इंची मऊ फोमवर गुडघ्यापर्यंत, पण टाकल्यावर खालून ठक्क आवाज आला, म्हणजे बॉल फोम दाबून फरशीपर्यंत पोचत होता. दोन इंची, मागे घट्ट फोम आणि पुढे मऊ फोम असा जोड, त्याच्यावर धप्प झालं आणि बॉल घोट्यापर्यंत पण आला नाही. वरून टाकलेला बॉल तसा संथच असतो, म्हणून नंतर अंगणात जाळीच्या आत पॅनल उभा करून काकांना आयर्नने मारायला लावलं आणि आम्ही सगळे जाळीच्या बाहेर. दोन इंचीवाल्याच्या पायाशीच बॉल पडत होता. आता मी साइटवर अंगठ्याने दाबून बघते, अंगठा आरामात मागच्या प्लायला टेकला तर तो पॅनल परत पाठवते.

अजून एक चाचणी केली आणि ती मी सगळ्यांना करायला सांगीन, फक्त मोकळ्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून. फोमचा तुकडा चिमट्यात धरून लायटर लावला. साधा स्वस्तातला फोम भसकन पेटला, वितळून थेंब खाली पडायला लागले आणि काळा धूर असा की आम्ही चार पावलं मागे झालो. फायर रिटार्डंटवाला, म्हणजे आग पसरू न देणारा फोम, काळा पडला, लायटर काढला की विझला. तळघर, एकच जिना, वर प्रोजेक्टर तापलेला, तिथे भिंतभर साधा फोम लावणं म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात. दोन्हींच्या भावात फरक आहे, पण तिथे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगते.

बसवायला सहा दिवस लागले. दगड तोडला नाही, त्याच्यावर लाकडी पट्ट्यांची फ्रेम अँकरने मारली, त्यावर बारा मिली प्लाय, त्यावर दोन बाय चार फुटांचे पॅनल क्लिपवर अडकवले, म्हणजे एखादा फाटला तर तेवढाच काढून बदलता येतो. चिकटवले नाहीत, आणि त्याचं दुसरंही कारण होतं. तळघराला पावसाळ्यात ओल येते, भिंत आणि प्लायच्या मधे इंचभर हवा राहील असं ठेवलं, खाली-वर फट ठेवली. सप्टेंबरमध्ये मी मुद्दाम जाऊन चार पॅनल उतरवून बघितले, एका कोपऱ्यात प्लायला पांढरी बुरशी धरली होती, वरच्या बाथरूमचा पाइप झिरपत होता. चिकटवलेले असते तर दोन वर्षांनी वास आल्यावर कळलं असतं.

पॅनल दोन्ही बाजूंना लावले, काकांचा मुलगा डावखुरा आहे. बॉल ठेवायच्या जागेपासून पुढे पडद्यापर्यंत पूर्ण, आणि मागे पण पाच फूट, कारण शँक मागे येतो हे आम्ही बघितलं होतं. क्लब फिरवताना वर लागू शकतो तेवढ्या भागात सीलिंगला पण. पडद्याच्या लोखंडी पाइपला फोमच्या नळ्या. उजव्या भिंतीवरचा स्विचबोर्ड तिथून उचलून मागच्या भिंतीवर नेला. रूम जास्त रुंद असती तर मी भिंतीपासून फूटभर सोडून सैल जाळी लावली असती, ती स्वस्त पडते आणि कामही छान करते, पण तेरा फुटात दोन्हीकडून फूट-फूट गेला की क्लब फिरवायला अडचण होते.

जे मी धरलंच नव्हतं ते पुढे दिसलं. आधी रूममध्ये टाळी वाजवली तर घुमायची आणि ड्रायव्हरचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जायचा, काकांची आई वर दुपारी झोपते, नव्वदीच्या आहेत. आता वर आवाज येतो पण लांबून कुठेतरी दार आपटल्यासारखा, आजी उठत नाहीत. दुसरं म्हणजे पडद्यावरचं चित्र. दगडावरचा तो वॉर्म लाइट आणि क्रीम कलरच्या भिंती सगळा उजेड पडद्यावर परत टाकत होत्या, आता दोन्ही बाजू गडद राखाडी कापडाच्या, तोच प्रोजेक्टर आणि हिरवळ हिरवी दिसायला लागली. काकांनी मला विचारलं प्रोजेक्टर बदललास का.

आणि काकांचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवणं. हे त्यांनीच सांगितलं, की दगडाच्या इतक्या जवळ मारताना ते नकळत हात आखडता घेत होते, मशीनवर आकडे कमी यायचे आणि त्यांना वाटायचं वय झालं. पॅनल लागल्यावर पंधरा दिवसांत त्यांचा सात नंबर पुन्हा पूर्वीएवढा जायला लागला. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून मला रडू यायचं बाकी होतं. सगळ्या रूमच्या खर्चात पॅनलचा वाटा दहावा सुद्धा नव्हता हो.

मामा दहाव्या दिवशी कामावर आले, पॅनलचं शेवटचं काम त्यांनीच केलं. मी म्हटलं मामा तुम्ही नका खाली उतरू, दुसऱ्या कोणाला पाठवते. ऐकलं नाही. खाली आले, प्रत्येक पॅनल अंगठ्याने दाबून बघितला, मग बॉल ठेवायच्या जागेवर उभे राहिले आणि चारी बाजूंनी नजर फिरवली, सुतार जसा एक डोळा बारीक करून ओळंबा बघतो तसं. मग मागच्या दाराकडे बोट दाखवलं, तिथे दाराची स्टीलची चौकट चार इंच उघडी राहिली होती.

"ताई, इथं एक पट्टी येऊ द्या. पोरं इथूनच आत येतात."

पट्टी कापून त्यांनी स्वतःच लावली.