दोन अंडी आणि तीन महिने

शिमग्याला आठ दिवस गावी गेलो होतो तेवढ्यात झालं सगळं. डोंबिवलीला परत आलो, बेडरूमची खिडकी उघडली तर एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, भिंतीला लागून जी चार बोटं फट आहे ना, तिथे खराट्याच्या सात-आठ काड्या, केबलच्या वायरचा तुकडा, आणि त्यावर कबुतराची दोन पांढरीशुभ्र अंडी. घरटं म्हणवत पण नाही त्याला. सुगरण बघा काय विणते आणि ही बया बघा, काड्या टाकल्या की झाली बाळंतपणाला मोकळी.

मी म्हटलं उचलून टाकते. सासूबाई आडव्या. "अगं, बाळंतीण आहे ती, पाप लागेल!" वर एसी पण लावायचा नाही, तिला त्रास होईल म्हणे. मार्चअखेर, डोंबिवली, आणि एसी बंद! नवरा नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये.

मग वाचत बसले. अंडी उबवायला साधारण अठरा दिवस, नर-मादी पाळीपाळीने बसतात, पिल्लं उडायला अजून महिनाभर. म्हटलं ठीक आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात सुटका. पिल्लं निघाली, बापरे काय ध्यान ती! पिवळी विरळ लव, अंगाच्या मानाने भलीमोठी चोच, हात जवळ नेला की फुगून चोच कट् कट् वाजवायची. आणि बरेच पक्षी निदान पिल्लांची घाण उचलून लांब टाकतात, कबुतरांचं तसलं काही नाही, सगळं तिथल्या तिथे. त्यातच काड्या चिकटून सिमेंटसारखं घट्ट होतं आणि वास तर विचारूच नका. गादीवर बारीक किडे चालताना दिसले त्या रात्री मी हॉलमध्ये झोपले.

आणि एप्रिल संपायच्या आत, आधीची पिल्लं अजून तिथेच बसलेली असताना, पलीकडच्या कोपऱ्यात परत दोन अंडी!! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं की एक बॅच उडायच्या आधीच दुसरी सुरू होते. बरं झाडावर कुठे जात नाहीत ती, मूळची कडेकपारीतली जात ना, आपला डक्ट, छज्जा, एसीची फट म्हणजे त्यांना कपारच.

दरम्यान सासूबाईंना कोरडा खोकला लागला, तीन आठवडे झाले तरी हटेना. छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, तर मी अजून खोकल्याचं सांगतेय तोवर त्यांनीच विचारलं, "घरात कबुतरं येतात का?" वाळलेली विष्ठा, पिसांची भुकटी श्वासातून जाऊन काही जणांच्या फुफ्फुसाला अ‍ॅलर्जीने सूज येते म्हणे, आणि वर्षानुवर्षं चाललं तर फुफ्फुस कायमचं कडक होतं. आमचा एक्स-रे नशिबाने ठीक होता. रिक्षात त्या गप्पच होत्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "मी रोज मूठभर तांदूळ टाकायचे गं खिडकीत." आता काय बोलणार!

दुसरी पिल्लं उडाली ती मृगाच्या पावसाबरोबर. त्याच दिवशी मास्क, ग्लोव्हज घालून मी सगळं आधी पाण्याने भिजवलं आणि मगच खरवडलं, सुकं झाडलं की ती भुकटी थेट नाकात जाते म्हणून. अर्धी बादली निघाली. एसीवाला युनिटची जाळी बघून म्हणाला, "मॅडम, विष्ठेने खाल्लीय ही." जाळीवाल्याला बोलावून खिडकी, डक्ट सगळीकडे नायलॉनची जाळी मारून घेतली. आता नुसती एक काडी दिसली तरी मी लगेच काढते, अंडी दिसेपर्यंत थांबतच नाही, कारण एकदा अंडी दिसली की आमच्या घरात माझं कोणी ऐकत नाही.

पुढे ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, मग लोकांनी ती ताडपत्री फाडली, ते सगळं टीव्हीवर चालू होतं. मला वाटलं सासूबाई हळहळणार. त्या कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, जाळीचा खालचा कोपरा जरा सैल झालाय, बघून घे.

परवा चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, जाळीवाल्याचा नंबर हवा होता. आमच्याकडची जोडी त्यांच्या एसीमागे गेलीय.