शहाबादी फरशीवर बॅले होत नाही : सोलापुरात नाचाची जमीन तयार करताना आलेला माझा अनुभव

बॅलेचा वर्ग काढायचा म्हटलं की आधी शूज, मग पोशाख, मग संगीत असा हिशेब सुरू होतो. माझं मत ठाम आहे: पहिला पैसा जमिनीवर घालावा, उरलेल्यात बाकीचं बसवावं.

सोलापुरात भाड्याने मिळणाऱ्या हॉलला खाली शहाबादी, कडाप्पा नाहीतर टाइल्स असतात आणि त्याखाली काँक्रीट. काँक्रीट दबत नाही. उडीवरून उतरताना पायावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो जमिनीने घेतला नाही तर नडगी, घोटा, गुडघा आणि कंबर घेतात. नडगीच्या आतल्या कडेने दुखायला लागणं ही पहिली खूण. त्याकडे दुर्लक्ष करून सराव चालू ठेवला तर हाडाला बारीक चीर पडू शकते. वर नुसतं व्हिनाइल (नाचासाठी अंथरतात तो प्लास्टिकचा जाड पट्टा) अंथरून हे सुटत नाही, कारण व्हिनाइल घसरणं थांबवतं, आदळणं नाही. योगा मॅट तर त्याहून वाईट: गिरकी घेताना पाय मॅटला धरून राहतो आणि गुडघा पिळला जातो.

जागा शोधताना बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेड पाहिल्या. उंची भरपूर आणि आवाजाची तक्रार करायला वर-खाली बिऱ्हाड नाही, हे मोठे फायदे. पण अशा शेडमध्ये माग बसवलेल्या ठिकाणचे बोल्ट जमिनीतून डोकावत असतात आणि वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. बोल्ट ग्राइंडरने फरशीच्या पातळीला कापून घ्यावेत आणि तेल डिटर्जंटने खरवडून काढावं. वाळवी आहे का, ते लाकूड आणण्याआधीच पाहावं आणि फवारणी तेव्हाच करून घ्यावी. एकदा जमीन टाकली की खाली हात पोचत नाही.

आता मुख्य काम, म्हणजे फरशीवर फोम आणि प्लायची लवचीक जमीन बसवणं. हॉल ३० फूट बाय २० फूट धरू. आधी मिस्त्रीची लांब ॲल्युमिनियम पट्टी सगळीकडे फिरवून चढ-उतार खडूने मांडून घ्यायचे. १० फुटांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तिथे भर द्यावी लागते. मग जाड प्लास्टिकचा कागद, जोडावर एक फूट एकावर एक घेऊन, म्हणजे फरशीच्या सांध्यांतली ओल प्लायपर्यंत चढत नाही. त्यावर २५ मिलिमीटर जाडीच्या कडक ईव्हीए फोमचे ३ इंची चौकोन, दर फुटाला एक. कडा धरून साधारण साडेसहाशे तुकडे लागतात. सोफ्याचा फोम चालत नाही, तो काही महिन्यांत बसतो आणि तिथे खळगा होतो.

फोमवर १२ मिलिमीटर प्लायचा पहिला थर. आठ बाय चारचे १९ तुकडे गणिताने पुरतात, कापाकापी धरून २१ घ्यावेत. दुसरा थर तेवढाच, पण आडवा, आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून. प्लायच्या दोन पत्र्यांमध्ये २ मिलिमीटर फट ठेवावी. स्क्रू २० मिलिमीटरचेच, कारण दोन थर मिळून २४ होतात आणि २५ चा स्क्रू खालून बाहेर येऊन फोम फाडतो. डोकं प्लायमध्ये पुरतं बुडवून वर पुट्टी. थरांमध्ये फेव्हिकॉल मी लावू देत नाही, कारण पुढे एखादा पत्रा उचलायचा झाला तर तो सुटा निघाला पाहिजे. प्लाय आयएस ३०३ चा (साध्या वापराचा) चालतो. ज्या जागेला पावसाळ्यात ओल येते तिथे आयएस ७१० (मरीन प्लाय) घ्यावा. माल हॉलमध्येच तीन-चार दिवस आडवा ठेवून मग काम धरावं.

सुताराशी मतभेद एकाच जागी होतो, भिंतीपाशी. "मॅडम, भिंतीला टेकवल्याशिवाय फिनिशिंग येत नाही की," हे वाक्य ठरलेलं. इथे मागे हटू नये. चारी बाजूंनी १२ ते १५ मिलिमीटर फट हवीच. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, मग पावसाळी दमटपणा येतो आणि प्लाय त्याप्रमाणे हलतो. जागा नसेल तर मधोमध फुगवटा येतो. स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, जमिनीला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे खालच्या फरशीत एकही खिळा जाता कामा नये. लाकडी पट्ट्या फरशीला खिळून त्यावर प्लाय मारला की पोकळ आवाज येतो, पण लवचीकपणा येत नाही. बरोबर झालेली जमीन उडी झेलते आणि शांत होते, परत उसळवत नाही. कुठे करकर आली तर दोन थर एकमेकांवर घासत आहेत असं समजावं. तिथे चार स्क्रू वाढवले की आवाज जातो.

बार (सरावात हाताने धरायचा आडवा दांडा) आणि आरसेही भिंतीलाच, जमिनीपासून सुटे. मोठ्यांसाठी बार सुमारे ४२ इंचांवर, लहानांसाठी ३२ वर. ब्रॅकेट दर पाच फुटांना, नाहीतर दांडा मधे झुकतो.

व्हिनाइलचे दीड मीटर रुंदीचे, ३० फुटी चार पट्टे या हॉलला पुरतात. मॅट फिनिशच घ्यावं, चकचकीत व्हिनाइल रंगमंचावर दिवे परावर्तित करतं. पट्टे उलगडून एक दिवस पडू द्यावेत, मग टेप लावावी. त्यावर चंद्रस (शूज घसरू नयेत म्हणून वापरतात ती राळेची पूड) टाकू नये, तो चिकट थर होऊन बसतो. शूज घसरत असतील तर दाराशी ओलं फडकं ठेवून तळवा टेकवणं पुरतं. रबरी तळाचं पायपुसणं व्हिनाइलवर ठेवलं की पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही. पुसायला सौम्य साबण आणि घट्ट पिळलेलं फडकं. फिनेल नको, बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे ओघळ राहतात.

आपल्याकडे एकट्या बॅलेवर हॉलचं भाडं निघणं कठीण, म्हणून जागा कथकबरोबर वाटून घेतली जाते. घुंगरांनी व्हिनाइलला खड्डे पडतात, आणि अनवाणी गिरक्यांना व्हिनाइल कातडी सोलतं. म्हणून व्हिनाइल कायमचं चिकटवू नये. कथकच्या वेळी गुंडाळून बाजूला, उघड्या प्लायवर तत्कार, म्हणजे कथकचं पदकाम. प्लाय घुमतो, थोडा जास्तच, पण बोल स्पष्ट ऐकू येतात.

कार्यक्रमाला हेच चार पट्टे नाट्यगृहात न्यावेत. ३० बाय २० चा भाग झाकला जातो. सांध्यांचे ९० फूट आणि कडांचे १०० फूट, म्हणजे साधारण ५८ मीटर टेप. ३३ मीटरचे दोन रोल पुरतात, तिसरा जवळ ठेवावा. हुतात्मा स्मृती मंदिर असो की दुसरं नाट्यगृह, तारीख घेताना प्रयोगाआधीचा वेळही मागून घ्यावा, कारण जमीन आणि प्रकाशयोजना एकाच वेळी होत नाहीत. आधी लोहचुंबक फिरवून खिळे वेचायचे, मग जुना नायलॉन मोजा फळ्यांवरून ओढायचा. तो अडकेल तिथे कुसळ आहे. पट्टे प्रेक्षकांना समांतर टाकावेत आणि टेप मधून कडांकडे दाबत न्यावी, म्हणजे सुरकुती बाहेर निघते.

रंगमंचाखाली थेट काँक्रीट असेल तर मोठ्या उड्या कमी करून नृत्यरचना बदलावी, पॉइंटचा (पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचण्याचा) भाग छोटा ठेवावा. अकरा-बारा वर्षांच्या आत पॉइंट तसाही नकोच.

प्रयोग संपला की टेप आधी काढावी आणि मगच गुंडाळावं. टेपसकट गुंडाळलं तर गोंद पुढच्या थरावर उतरतो. गुंडाळायला ६ इंची पीव्हीसी पाइप आत घ्यावा आणि रोल आडवा ठेवावा. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात रोल उभा ठेवला तर खालची कड वजनाने दबते, तिला लाट येते आणि पुढच्या प्रयोगात टेप नेमकी तिथेच सुटते.