तुमचं कोण?

एसटी स्टँडवर 'कुठले पाव्हणे?' विचारतात, लग्नात 'मुलाकडचे की मुलीकडचे?' आणि परळच्या त्या तळघरात विचारतात, 'तुमचं कोण?' नाव विचारायची तिथे पद्धत नाही. उत्तरही एका शब्दाचं असतं: आई, धाकटा भाऊ, मंडळी. मग 'कुठे?' म्हणजे घसा, पिशवी, छाती. आणि मग 'कितवा शेक?' कागदावर रेडिएशन लिहिलेलं असतं. बाकावर त्याला शेक म्हणतात, नाहीतर लाइट.

'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं, की आपल्याकडे समोरचा आपोआप आवाज खाली आणतो. पुढचं काही सांगावं लागत नाही. मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्या वर्षी त्यांचे पती दोराबजी. हॉस्पिटल सुरू झालं 1941 मध्ये. दोघांनीही ते पाहिलं नाही. बाकावर बसून बसून असल्या गोष्टी वाचायला भरपूर वेळ मिळायचा, कारण मशीनखाली जेमतेम दहा मिनिटं आणि बाकावर तीन तास, असा तो हिशेब होता.

आमचं कोण, तर बाबा. स्वरयंत्र. तेहतीस शेक, सोमवार ते शुक्रवार. बाबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर 'चला, पुढे सरका' म्हणून ओरडलेला आवाज आता नुसता श्वासापुरता उरला होता. रोजचा शेक ते एका छोट्या वहीत वे-बिलासारखा मांडायचे: तारीख, क्रमांक, निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता. प्रवाशांच्या रकान्यात '1 + 1'.

आता माझ्याबद्दल थोडं. मला चाई आहे, डॉक्टरी भाषेत अलोपेशिया. साधी कवडीएवढी नव्हे, पूर्ण. सव्विसाव्या वर्षी डोक्यावरचे केस गेले, मग भुवया, मग पापण्या. शरीराचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, एवढंच त्यात असतं. दुखत नाही, खुपत नाही, लागणही होत नाही. पण हे प्रत्येकाला समजावून सांगता सांगता जीव जायचा. 2022 मध्ये ऑस्करच्या मंचावर विल स्मिथने बायकोच्या टकलावरच्या विनोदापायी क्रिस रॉकच्या कानाखाली वाजवली. चूकच केली म्हणा. पण त्यानंतर महिनाभर मला कुणाला अलोपेशिया समजावावा लागला नाही, हे कबूल करायला हवं.

तर भुवया नसलेला, अंगाने काडीसारखा मी, आणि शेजारी इस्त्रीच्या शर्टातले, भरघोस पांढऱ्या मिशांचे बाबा. लोकलच्या अपंगांच्या डब्यात लोक उठून जागा द्यायचे ती मला. बाबा उभे. मी बाबांना बसवायचो, तर आजूबाजूचे माझ्याकडे कौतुकाने बघायचे, की बघा, स्वतःचं एवढं असून बापाला बसवतोय.

पहिल्याच आठवड्यात बाकावर ओतूरकडचे एक शेतकरी भेटले. मुक्काम दादरला, गाडगे महाराज धर्मशाळेत. त्यांच्या मंडळींचा शेक आमच्या नंबरच्या मागेपुढे असायचा. त्यांनी मला काही विचारलं नाही. बाबांना विचारलं, "तुमचं कोण?"

बाबा त्यांच्या त्या फाटक्या कुजबुजीत म्हणाले, "हा काय. मुलगा."

आता यात खोटं काय होतं? मी मुलगाच होतो. ओतूरकरांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धीर धरा. आवाज नका बसवून घेऊ असा." बाबांचा आवाज रडून बसलाय, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते शहाळं घेऊन आले. माझ्यासाठी. वरचं तासून, स्ट्रॉ खोचून. "प्यायचं सगळं. अंगात उष्णता भरते शेकाने." मी तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या पायावर पाय दिला.

परतीच्या लोकलमध्ये मी चिडलो होतो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. करी रोड गेलं, चिंचपोकळी गेलं असं काहीतरी म्हणतील, तर आम्ही उलट्या दिशेला होतो. माटुंग्याला ते म्हणाले, "राहू दे. एका माणसाच्या लेखी तरी मी धडधाकट आहे."

गैरसमज दूर करायलाही मुदत असते. दोन दिवस, फार तर तीन. शेजारी दोन वर्षं तुम्हाला 'देशपांडे' म्हणून हाक मारत असेल, तर तिसऱ्या वर्षी 'मी देशमुख' म्हणायची सोय उरत नाही; मुकाट्याने ओ द्यायची. आमचीही मुदत टळली. शहाळं रोज यायला लागलं. चौथ्या आठवड्यात बाबांचं तोंड आतून सोलवटलं, पेजसुद्धा उतरेना, तेव्हा मी 'जरा मोकळ्या हवेत पितो' म्हणून शहाळं जिन्याकडे न्यायचो. मागून बाबा यायचे. एका पायरीवर बसून, एकेक घोट तोंडात धरून, मान पुढे करून ते गिळायचे. अर्धं शहाळं संपायला वीस मिनिटं लागायची. मग मिशा पुसून आम्ही परत बाकावर, आणि मी ओतूरकरांना रिकामं शहाळं दाखवायचो. "शाब्बास!" ते म्हणायचे. माझ्याकडे बघून.

गळ्याची कातडी काळवंडली, तेव्हा बाबांनी भर मार्चमध्ये मफलर गुंडाळला.

शेक संपले. निरोप वगैरे काही झाला नाही. कुणाचा कधी शेवटचा, हे बाकावर लक्षात राहत नाही. आषाढात बाबा गेले.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी दादरला उतरलो होतो. काम पुलापलीकडे होतं, फुलबाजारातून नुसतं पार व्हायचं होतं. वर्ष सरलेलं नव्हतं, त्यामुळे यंदा आमच्या दाराला तोरण नव्हतं. पण त्या दिवसांत तिथून नुसतं पार होता येतच नाही. पायाखाली चिखल आणि पाकळ्या, डोक्यावरून हारे, आणि झेंडूचा तो कडवट वास थेट घशात. एवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला.

ओतूरकर. माळशेज उतरून रात्रीच टेम्पो घेऊन आले होते. मला खालून वर पाहिलं, पाठीवर थाप मारली, पुन्हा पाहिलं. बोलवेना त्यांना. मग टेम्पोतल्या पोराला ओरडून म्हणाले, "अरे बघ! तुझ्या आईला मी सांगायचो ना, तो टकला पोरगा? हा बघ. ठणठणीत!"

पोरगा फळीवरून वाकून हसला. मीही हसलो. काय करणार?

"आणि बाबा?" ते म्हणाले. "म्हातारा लई झिजला तुमच्यापायी. कसे आहेत?"

मागून हमाल 'साईड, साईड' करत होता. मी म्हणालो, "बरे आहेत."

"आवाज सुटला का?"

"सुटला."

"मंग!" त्यांनी एका पिशवीत ओंजळीओंजळीने झेंडू भरायला घेतला. दोन-अडीच किलो तरी असेल. पैसे काढले, तर हात झटकला. "आजारातनं उठलेल्याकडनं घेतो होय मी? बाबांना म्हणावं, तोरण मोठं बांधा यंदा."

पिशवी घेऊन मी पूल चढलो. काम राहिलं.

घरी आईने दार उघडलं आणि पिशवीकडे बघतच राहिली. "हे कशाला? ठाऊक नाही का तुला?" मी सगळं सांगितलं. शहाळ्याचं तिला माहीत होतं, बाबांनी वहीत लिहून दाखवलं होतं. ती ऐकत ऐकत खाली बसली, वर्तमानपत्र पसरून तिने झेंडू ओतला, दबलेली फुलं वेगळी काढायला लागली. शेजारच्या दाराला पुरतील म्हणाली.

मग हात थांबवून विचारलं, "आणि त्यांच्या मंडळी? कशा आहेत?"

मी पिशवी झटकत होतो. झटकतच राहिलो. ते विचारायचं राहूनच गेलं होतं.