मंद रंगांच्या चित्रांसोबत आमची वाटचाल

म्हापशाच्या बाजारपेठेत वडिलांनी हे दुकान सुरू केले, ते देवादिकांच्या तसबिरींना चौकटी घालण्यासाठी. चतुर्थीच्या आधी आणि लग्नसराईत हाताला उसंत नसे, एरवी आरसे आणि पदवीची प्रमाणपत्रे यांवर दुकान चाले. पुढे पर्यटक वाढले, तशी माड, होड्या आणि केशरी सूर्यास्त यांची भडक चित्रे आम्हीही भिंतभर लावली. त्या चित्रांनी आमचे घर चालवले, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. आज मात्र आमचा बहुतेक व्यवसाय गोव्याच्या अंतर्भागातील शांत निसर्गचित्रांवर उभा आहे. मूळ चित्रे, त्यांच्या छापील प्रती आणि त्यांना शोभणाऱ्या चौकटी, अशी तिन्ही कामे आम्ही करतो.

या बदलाला निमित्त झाले ते चौकटीसाठी आलेले दिवाडी बेटावरील खाजन शेतीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतांचे, एक तैलचित्र. जानेवारीतल्या सकाळचे धुके, वायंगणाची, म्हणजे हिवाळी भातपिकाची, नुकतीच लावलेली रोपे, मातीचा बांध, त्याच्या टोकाला मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, लाकडी दारे आणि पलीकडे नदी कुठे संपते व आकाश कुठे सुरू होते हे कळू न देणारा करडा पट्टा, एवढाच त्याचा विषय होता. चित्रकाराने त्यात काळा रंग वापरलाच नव्हता. गर्द निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून त्याने सगळे करडे रंग काढले होते, आणि म्हणूनच तो करडेपणा कुठे थंड, कुठे उबदार असा जिवंत राहिला होता. दूरच्या झाडांच्या कडा विरघळू द्यायच्या आणि उजेड-सावलीतील फरक अंतरासोबत कमी करत न्यायचा, या दोन गोष्टींवर अशा चित्रातील हवेचा भास अवलंबून असतो. केशरी सूर्यास्तांच्या रांगेत ठेवल्यावर मात्र तेच चित्र मळकट दिसू लागले.

असे का होते, हे मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच सविस्तर मांडले होते: शेजारचा रंग बदलला की आपल्याला दिसणारा रंगही बदलतो. आमच्या धंद्याला दिशा मिळाली ती या नियमामुळे. चित्र आणि चौकट यांमधल्या पुठ्ठ्याच्या पट्टीसाठी, म्हणजे माउंटसाठी, पांढऱ्याशुभ्र रंगाऐवजी आम्ही फिकट मातकट रंग वापरू लागलो, सोनेरी नक्षीच्या पट्ट्या बाजूला ठेवून सागवान आणि फणसाच्या साध्या चौकटी करू लागलो. जलरंग आणि छापील प्रतींना काच लागतेच. साध्या काचेवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो, आणि गडद, मंद चित्रावर तेवढाही पुरेसा होऊन पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. त्यामुळे परावर्तनविरोधी काच महाग पडली तरी आम्ही तिचाच आग्रह धरतो. दिव्यांबाबतही आम्ही तितकेच हट्टी आहोत. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढेल तसा उजेड पांढरा होत जातो. २७०० केल्विनच्या पिवळ्या उजेडात निळसर धुके मातकट होते, म्हणून ४००० केल्विनच्या आसपासचा, रंग नीट दाखवणारा दिवा आम्ही सुचवतो.

प्रती छापणे हे याहून कठीण काम. केशरी सूर्यास्तात किंचित लाली वाढली तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण धुक्यात तेवढीच लाली आली की सगळी सकाळ गुलाबी होते. करड्या शाईच्या वेगळ्या बाटल्या असणारे यंत्र घेतले तेव्हा त्या खर्चाला घरातून विरोध झाला होता. आता नमुना छापून तो मूळ चित्राशेजारी, दिवसाच्या उजेडात चित्रकाराने पाहिल्याशिवाय आम्ही पुढची प्रत काढत नाही.

‘असली उदास चित्रे कोण घेणार?’ हा प्रश्न अजूनही कानावर येतो. एका हॉटेलने तर आकाश थोडे निळे करून देण्याची मागणी केली होती, ती आम्ही नम्रपणे नाकारली. माझ्या मते हा उदासपणा नव्हे, संयम आहे, आणि त्याला मोठी परंपरा आहे. फ्रान्समध्ये कोरो या चित्रकाराने रुपेरी करड्या छटांत झाडे रंगवली, अमेरिकेत जॉर्ज इनेस आणि टोनॅलिझम या मंद, एकसुरी छटांच्या शैलीतील चित्रकारांनी संधिप्रकाशातील कुरणे रंगवली. आपल्या शेजारच्या सावंतवाडीत १८८२ मध्ये जन्मलेले सा. ल. हळदणकर जलरंगांवरील प्रभुत्वासाठी ओळखले गेले. सांगे येथे १८७० मध्ये जन्मलेल्या आन्तोनियो झेवियर त्रिंदाद यांची ख्याती व्यक्तिचित्रांची, तरी दबलेल्या छटा कशा सांभाळाव्यात हे पाहण्यासाठी आमच्या नव्या कारागिरांना मी त्यांची पणजीत असलेली चित्रे आवर्जून पाहायला पाठवतो. आमचे ग्राहक म्हणाल तर जुनी घरे दुरुस्त करून राहणारी कुटुंबे, काही डॉक्टर, आणि मुंबई-पुण्याला स्थायिक झालेले, पण डिचोली-सत्तरीकडचे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, मनातून न गेलेले गोवेकर.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्या दगडाच्या भिंती ओल धरतात, म्हणून प्रत्येक चौकटीच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना आम्ही बुचाचे तुकडे लावतो, जेणेकरून भिंत आणि चित्र यांमध्ये वारा खेळता राहील. कॅनव्हास सैल पडला तर त्याच्या मागच्या लाकडी सांगाड्याच्या कोपऱ्यांतील पाचरी हलकेच ठोकून तो पुन्हा ताणून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करतो. पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवरच चित्र हवे असा आग्रह असेल, तर ती भिंत आम्ही आधी स्वतः पाहून येतो आणि ओल आढळल्यास चित्र दिवाळीनंतरच लावून देतो.