रेझिन किटमधून डब्ल्यूडीएम-३ए : दमट हवेतलं काम

रेझिन किट, म्हणजे साच्यात रेझिन ओतून घडवलेले मॉडेलचे सुटे भाग, जोडण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. रत्नागिरीत जुलैमध्ये माझ्या कामाच्या खोलीतला आर्द्रतामापक ९०च्या खाली उतरायला तयार नसतो, आणि तिथे त्यातले निम्मे सल्ले उलटे पडतात. मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाचं, म्हणजे १:८७ चं, डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाचं मॉडेल मी मार्चमध्ये हाती घेतलं आणि डिसेंबरात रुळावर ठेवलं. मधले चार महिने रंगाला हात लावला नाही. जिथे हात पोळले तिथे सविस्तर लिहितो, बाकीचं उरकतो.

इंजिन हेच का? कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सलग सुरू झाली आणि २०२२ मध्ये पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं. मधल्या काळात या घाटवजा मार्गावर अल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातल्या इंजिनांनी गाड्या ओढल्या. या घराण्याचं मूळ डब्ल्यूडीएम-२ : पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेहून आली, १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. ताकद २६०० अश्वशक्ती. तेच सुधारून ३१०० अश्वशक्तीचं केलं ते डब्ल्यूडीएम-३ए. बाहेरून दोन्ही जवळपास सारखी दिसतात, पण शेडमध्ये दुरुस्त होता होता प्रत्येक इंजिन थोडं वेगळं झालेलं असतं. म्हणून एकच नंबर निवडावा, त्याचे चारही बाजूंचे फोटो गोळा करावेत आणि तेवढ्यावरच काम करावं. पाच इंजिनांच्या फोटोंवरून बनवलेलं मॉडेल जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

किटमध्ये एकसंध बॉडी, फूटप्लेट (बाजूची चालायची पट्टी), बोगीच्या (चाकांच्या गाड्याच्या) चार बाजू, इंधनटाकी, बफर (टोकाचे धक्के झेलणारे), पितळी पत्र्यात कोरलेल्या जाळ्या आणि पायऱ्या, आणि ०.४ मिमी पितळी तार एवढं होतं. चेसिस, म्हणजे मोटर आणि चाकांसकटचा खालचा सांगाडा, आपलं आपण आणायचं. पेटी उघडल्यावर आधी व्हर्नियर काढला. खरं इंजिन बफरसकट १७.१२ मीटर, म्हणजे १:८७ ला १९६.८ मिमी. माझ्या किटमध्ये सव्वा मिमी कमी भरले. रेझिन घट्ट होताना थोडं आकसतंच, आणि साच्यातून निघालेल्या भागावरूनच, म्हणजे कास्टिंगवरूनच, पुन्हा साचा काढला असेल तर आकसणं दुप्पट होतं. एवढा फरक मी सोडून दिला. तीन मिमीच्या वर असता तर किट परत पाठवलं असतं, कारण तेवढ्या फरकाने चेसिस आत बसत नाही.

रुळांच्या रुंदीचा मुद्दा इथेच मिटवून टाकावा. ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे मापात १९.२६ मिमी. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा. पावणेतीन मिमीची ही तफावत समोरून पाहिलं की खटकते. पण खऱ्या मापाचे रूळ आणि सांधे (रूळ बदलायच्या जागा) स्वतः घडवायची तयारी नसेल तर १६.५ वरच राहावं. मी राहिलो.

कास्टिंगला साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रावाचा थर असतो. तो राहिला तर प्रायमर मास्किंग टेपबरोबर सालीसारखा निघून येतो. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, जुना टूथब्रश, जाळ्यांच्या खाचांत दोनदा. धुतल्यावर पृष्ठभागावर पाणी एकसारखं पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन राहिलं तर अजून तेलकट आहे. कोकणात वाळवणं हेच मोठं काम. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत एक दिवस ठेवलं, मगच प्रायमर.

माझी बॉडी मधोमध केळ्यासारखी वाकलेली होती, सपाट काचेवर ठेवली की मध्ये दीड मिमी फट. साधारण ६५ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं धरली, काचेवर दाबून सरळ केली आणि तशीच थंड पाण्यात बुडवली. सरळ झाली. आठवड्याने परत अर्धा मिमी वाकली! रेझिन आपल्या मूळ वाकड्या आकाराकडे परत जातं, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तर हमखास. उपाय एकच : पुन्हा सरळ करून आतून दोन्ही बाजूंना ३ मिमीच्या चौकोनी पितळी नळ्या संथ अराल्डाइटने चिकटवल्या आणि २४ तास काचेवर वजनाखाली ठेवलं. झटपट जातीचं अराल्डाइट इथे वापरू नये. नळ्या जागेवर नीट बसवेपर्यंत ते हातातच आवळतं. प्लॅस्टिक मॉडेलचं पातळ सिमेंट तर रेझिनवर चालतच नाही, कारण ते रेझिन विरघळवत नाही.

पिनहोल, म्हणजे रेझिनमधल्या बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं, शोधायला टॉर्च आडवी धरावी. वरून पातळ पापुद्रा आणि खाली पोकळी असे बुडबुडे सर्वांत धोक्याचे. प्रायमरनंतर मास्किंग टेप ओढली की पापुद्रा फुटतो. संशय आला तिथे ०.५ मिमीच्या ड्रिलने फोडून टाकावं. खड्ड्यात फेविक्विकचा थेंब, वर चिमूटभर खाण्याचा सोडा, क्षणात दगड. मात्र दहा-पंधरा मिनिटांत घासून घ्यावं. उशीर झाला तर भराव रेझिनपेक्षा कडक होतो आणि वॉटर पेपर आजूबाजूचंच खातो. घासणं नेहमी पाण्यातच, ४००, ६००, १००० या क्रमाने, आणि तोंडाला एन-९५ मास्क लावून. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट आहे, तिथे आळस नको.

आता क्रम मोडण्याची गोष्ट. किटच्या कागदावर आधी बॉडीचं सगळं बारीक काम आणि शेवटी चेसिस होतं. उलट करावं. चेसिस बसवताना बॉडी पन्नास वेळा घालावी-काढावी लागते आणि तेवढ्या वेळात सगळे कठडे मोडतात. मी अल्कोच्याच आरएसडी-४/५ या अमेरिकी इंजिनाचं, ॲटलस कंपनीच्या मॉडेलचं चेसिस घेतलं, कारण त्याची तीन आसांची बोगी आपल्या इंजिनासारखीच असमान अंतराची आहे. ही असमानता विसरून बोगीच्या बाजू उलट्या चिकटवल्या तर ॲक्सलबॉक्स (आसांच्या टोकांचे डबे) चाकांच्या समोर येत नाहीत. चिकटवण्याआधी फोटो समोर ठेवून दोन्ही बोगींची दिशा ठरवावी. त्या चेसिसची चाकं मूळ ४० इंचांच्या हिशोबाची, म्हणजे मापात ११.७ मिमी. आपल्या इंजिनाचं नवं चाक १०९२ मिमी, म्हणजे १२.५५. फरक डोळ्याला कळत नाही, पण त्यामुळे बॉडी सुमारे ०.४ मिमी खाली बसते, तो हिशोब उंचीत धरावा लागतो.

बॉडीची उंची बफरवरून ठरवली. भारतीय ब्रॉडगेजवर रुळापासून बफरच्या मध्यापर्यंत उंची जास्तीत जास्त ११०५ आणि कमीत कमी १०३० मिमी, म्हणजे मापात १२.७ ते ११.८. मी १२.४ धरली. त्यासाठी चेसिसच्या दोन्ही टोकांना स्टायरीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकावर एक चढवत गेलो. बॉडी दोन एम-२, म्हणजे २ मिमीच्या, स्क्रूंनी धरली. स्क्रूचे आटे थेट रेझिनमध्ये पाडले तर चौथ्या खेपेला सुटतात, म्हणून आत पितळेचे छोटे ठोकळे चिकटवून त्यांत पाडले. भिंती आतून अडीच मिमी जाड होत्या, मोटरजवळ दीडपर्यंत तासल्या. त्याहून पातळ केल्या तर दिव्याचा उजेड अंगातून झिरपतो. तसा तो थोडा झिरपतोच, म्हणून आतून आधी काळा आणि वर पांढरा हात दिला.

याच टप्प्याला वळणावर चालवून पाहावं. सहा आसांचं इंजिन १८ इंची त्रिज्येच्या वळणावर बळजबरीने जातं, पण बोगी पायरीच्या आतल्या कोपऱ्याला अडते. मी पायऱ्या मागून १ मिमी तासल्या आणि २२ इंचांखाली न्यायचं नाही असं ठरवलं.

पितळी जाळ्या समुद्राच्या हवेत महिन्याभरात काळवंडतात. आमसुलाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की लख्ख होतात, घरची तांब्या-पितळेची भांडी होतात तशाच. फक्त मीठ घालायचं नाही. मीठ फटीत राहिलं तर रंगाखालून हिरवा चट्टा उठतो. मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच प्रायमर.

कठड्यांची ०.४ मिमी तार खऱ्या मापात ३५ मिमी भरते, ठीक दिसते. आलेखाच्या कागदावर अंतरं आखून तो पुठ्ठ्यावर चिकटवला, त्यात टाचण्या रोवल्या आणि तार त्यांवरून वळवली. म्हणजे दोन्ही बाजूंचे कठडे तंतोतंत सारखे. भोकं ०.४५ मिमी ड्रिलने, हातातल्या पिन व्हाइसवर. विजेचं ड्रिल रेझिन तापवतं आणि भोक पसरतं. बॉडीच्या कडेपासून १ मिमीच्या आत भोक पाडू नये, कड तुटते.

फेविक्विक जातीचा गोंद हवेतल्या ओलीनेच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात तो हातातच आवळतो आणि जोडाभोवती पांढरी बुरशीसारखी झाक येते. गडद रंगाखाली ती लपते, पण काचेजवळ नाही. खिडक्यांसाठी म्हणून फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंदच बरा. फेविक्विकची बाटली सिलिका जेलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. गार बाटली उघडली की आत दव धरतं आणि ती आठवड्यात संपते.

रंगाबद्दल थोडं जास्त. लॅकर रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग दुधाळ होतो. माझा प्रायमरचा पहिला हात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात असाच गेला. खरवडून पुन्हा करावा लागला. आर्द्रता ७० च्या वर असेल तर फवारायचं नाही, हा आता नियम. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर ठेवून जमतं. नसेल तर नवरात्राची वाट पाहावी. सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर वापरला तर थोडी सवलत मिळते. कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारे) दोन लावावेत, एक टाकीपाशी आणि एक एअरब्रशच्या, म्हणजे रंगाच्या फवाऱ्याच्या, मुठीपाशी, आणि दर पंधरा मिनिटांनी रिकामे करावेत. टाकी तापली की वाफ पहिल्या ट्रॅपमधून सुटते आणि नळीत थंड होऊन थेंब बनते, म्हणून दुसरा. वाळवायला पत्र्याच्या पेटीत ४० वॅटचा जुना बल्ब. आत थर्मामीटर हवाच, ४० अंशांवर गेलं की बॉडी पुन्हा वाकायला लागते.

माझ्या फोटोतल्या इंजिनाला गडद लाल अंगावर साय रंगाचा पट्टा आहे. आधी साय रंग, दोन दिवस वाळवण, मग पट्ट्यावर टेप, टेपच्या कडेवरून परत साय रंगाचा पातळ हात म्हणजे फट बुजते, आणि शेवटी १५ पीएसआय हवेच्या दाबावर लाल रंगाचे तीन पातळ हात. टेप अर्ध्या तासात, पृष्ठभागाशी चिकटून उलटी दुमडत काढली. दुसऱ्या दिवशी काढली असती तर काठ दातेरी झाला असता.

नंबर आणि अक्षरं साय रंगाची असल्याने घरच्या प्रिंटरचं काम नव्हतं. पारदर्शक कागदावर तो रंग उमटतच नाही. छापून घेतलेली डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं) चकचकीत वार्निशवर, मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही डिकल बसवायची द्रावणं लावून बसवली. दमट हवेत वाळायला पूर्ण दिवस द्यावा. कोपरा उचलून पाहिला की खाली हवा शिरते आणि चंदेरी डाग पडतो, तो मग जात नाही.

वीज : २१ पिनी डीसीसी डिकोडर (रुळातून आलेले आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारं सर्किट), दोन्ही टोकांना वॉर्म व्हाइट एलईडी, प्रत्येकाला १ किलोओहम रोध. डिकोडर जोडण्याआधी मल्टीमीटरने मोटरची टोकं आणि रुळाचे पिकअप (रुळातून वीज घेणाऱ्या पट्ट्या) यांच्यात कुठेही जोड नाही ना हे पाहावं. धातूचं चेसिस मोटरला कुठेतरी टेकलेलं असलं तर डिकोडर पहिल्याच सेकंदाला जातो. संशयाच्या जागी कॅप्टॉन (Kapton) ही वीजरोधक टेप.

जुनाट रूप देताना एक्झॉस्टच्या मागे काजळी दिली, अल्कोला ती शोभतेच. खालच्या भागाला चिऱ्याच्या खाणीतली लाल धूळ मलमलीतून दोनदा गाळून पातळ मॅट वार्निशमध्ये कालवून लावली. कोकणात डोंगर कापून काढलेल्या वाटेतून जाणाऱ्या इंजिनाचा रंग कुठल्याच बाटलीत असा मिळत नाही. बोगीला ती चेसिसमधून बोगी काढून मगच लावली, कारण ही धूळ वंगणात गेली की गिअर खाते.

शेवटचं मोजमाप कॅटल गार्डचं, म्हणजे इंजिनापुढे रुळालगतच्या जाळीचं. रुळापासून १ मिमी ठेवलं होतं, सांध्यावर टेकत होतं. ०.४ मिमी तासलं, सुटलं.